रजा, फावडं आणि शनिवार

लढाईला निघालेल्या फौजेपुढे सेनापतीनं काय बोलावं, याचा एक ठरीव सूर आपल्या कानात बसलेला असतो. आधी मातीची आठवण, मग पूर्वजांची, मग शत्रूचा यथेच्छ उद्धार आणि शेवटी एक गर्जना. शाळेच्या गॅदरिंगपासून सिनेमापर्यंत साचा एकच.

ज्यूंच्या तोरामध्ये या प्रसंगासाठी एक भाषण नेमून दिलेलं आहे. अनुवाद या पुस्तकाचा विसावा अध्याय. सुरुवात अपेक्षेप्रमाणे होते: याजक पुढे येतो आणि घाबरू नका, देव तुमच्या बाजूनं आहे, असं सांगतो. मग अंमलदार उभे राहतात आणि तिथून भाषणाला जे वळण लागतं ते थेट हेडक्लार्कच्या टेबलापाशी जाऊन थांबतं. नवं घर बांधून ज्याची वास्तुशांत राहिली असेल, त्यानं घरी जावं. द्राक्षमळा लावून ज्यानं अजून फळ चाखलं नसेल, त्यानंही जावं. ज्याचा साखरपुडा झालाय पण लग्न राहिलंय, त्यानं तर जावंच. आणि सगळ्यांत शेवटी, ज्याला भीती वाटत असेल त्यानंही निघावं. त्याचं बघून शेजारच्याच्या काळजाचं पाणी व्हायला नको. पुढं चोविसाव्या अध्यायात आणखी एक सवलत आहे. नुकतं लग्न झालेल्या माणसाला वर्षभर लष्करात ओढायचं नाही; त्यानं घरी राहून बायकोला आनंदात ठेवायचं. हे काम वर्षभर पुरतं, हे त्या शास्त्रकारांना पक्कं ठाऊक असावं.

रजेची कारणं आधी सांगून मग घाबरटाचं नाव का घेतलं, यावर तालमूद या ग्रंथात रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मपंडितांची, चर्चा आहे. त्यांतल्या एकाचं म्हणणं मला फार आवडतं. आपल्या हातून घडलेल्या पापांमुळे ज्याचे पाय लटपटतात, तो माणूस सगळ्यांदेखत एकटा उठून चालू लागला तर जन्मभराची नाचक्की. म्हणून घरवाले, मळेवाले आणि नवरदेव यांना आधी रजा. त्यांच्या घोळक्यातून हाही निसटला तर बघणाऱ्याला वाटेल, असेल बुवा याचंही कुठं तरी घर. धर्मशास्त्रानं भित्र्या माणसाची अब्रू राखण्यासाठी तीन-तीन रजा मंजूर केल्या, ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली त्या डोक्याला दंडवत घालावा. आणि ही पापं तरी कसली? हाताला आणि कपाळाला प्रार्थनेच्या पेट्या बांधताना मध्येच कुणाशी बोलला, एवढ्यावरूनही माणूस लढाईतून परत फिरतो, असं तिथंच म्हटलंय. आपल्याकडं आरती चालू असताना प्रसादाचं ताट कुठं आहे ते विचारणाऱ्यांना हा नियम लावला, तर एकही पलटण उभी राहायची नाही.

अर्थात रजा म्हणजे घरी बसून गंमत बघणं नव्हे. नवविवाहित सोडून बाकीच्यांनी फौजेला दाणापाणी पोहोचवायचं आणि रस्ते दुरुस्त करायचे. आणि लढाई जिवावरची, टाळता न येणारी असेल तर सगळ्या सवलती रद्द. मग नवरदेवानंही खोलीतून उठून यायचं. शास्ते या पुस्तकातला गिदोन तर हा नियम टोकाला नेतो. त्याच्याकडं ३२,००० माणसं जमतात. भीती वाटते त्यांनी जा म्हटल्यावर २२,००० निघून जातात. उरलेल्या १०,००० जणांना पाण्यावर नेतात आणि कोण कसं पाणी पितं ते बघून शेवटी ३०० निवडतात. लढाई ते ३०० जिंकतात.

त्याच अनुवादात छावणीचा आणखी एक नियम आहे, जो कुठल्याही वीरगाथेत सापडणार नाही. प्रत्येक शिपायानं हत्यारांबरोबर एक लहानसं फावडं बाळगायचं. शौचाला छावणीबाहेर जायचं, खड्डा खणायचा आणि उठताना तो बुजवायचा. कारण देव छावणीतून फिरत असतो. त्याच्या नजरेला काही ओंगळ पडू नये. तलवारीच्या शेजारी फावडं लटकवणारा हा धर्म मला तिथं पहिल्यांदा जवळचा वाटला. शत्रूशी कसं वागायचं ते नंतर बघू, आधी तुझ्या मागून येणाऱ्याचा पाय कशात पडणार आहे ते बघ, असा त्याचा खाक्या. वेढा घातलेल्या गावची फळझाडं तोडू नका, असंही तिथंच सांगितलंय. ग्रंथात नियम आहे म्हणून कुठल्याही काळची, कुठल्याही देशाची फौज तो पाळतेच असं नाही. झाडांना विचारलं तर ती वेगळं सांगतील. पण नियम लिहून ठेवला की निदान मोडताना मान खाली घालावी लागते.

हे सगळं मी वाचलं ते फार पुढं. त्याआधी हा धर्म मी आमच्या अलिबागेकडं चालताबोलता पाहिला होता. आमच्या भागात ज्यू म्हटलं की परदेशी कुणी डोळ्यांसमोर येत नाही. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, चेऊलकर अशी गावाची नावं लावणारी, नऊवारी नेसलेल्या आज्यांची, मराठीत भांडणारी माणसं येतात. बेने इस्रायल. त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची कथा आहे. पोथ्या समुद्रात गेल्या. जवळ उरलं ते ‘शमा’ ही तोंडपाठ असलेली प्रार्थना, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि शनिवारची सुट्टी. पोटासाठी त्यांनी तेलाचे घाणे चालवले. सगळ्या गावाचे घाणे चालू असताना यांचा शनिवारी बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले.

यातला खाण्यापिण्याचा निर्बंध लिहायला सोपा आहे. ज्या माशाला खवले आणि पर आहेत तोच खायचा. म्हणजे पापलेट चालेल, सुरमई चालेल. कोळंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या, कालवं वर्ज्य. आता अलिबागच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं राहून, शेजारच्या घरातून कोळंबीच्या कालवणाचा वास येत असताना, पिढ्यान् पिढ्या त्या वाटेला न जाणं म्हणजे काय हे फक्त कोकणी माणसालाच कळेल. हिमालयातल्या तपश्चर्येत अशी परीक्षा नाही. तिथं कोळंबी मिळत नाही. डेव्हिड राहबी नावाचे एक ज्यू गृहस्थ या लोकांत आले तेव्हा त्यांनी हीच परीक्षा घेतली, असं सांगतात. बायकांपुढं सगळ्या जातींची मासळी ठेवली. बायकांनी खवल्यांची मासळी निवडून घेतली, बाकीची बाजूला सारली. पोथीतलं एक अक्षर न वाचता राहबींची खात्री पटली की हे आपलेच. नारळाच्या दुधानं मात्र या लोकांवर मोठी कृपा केली. मांसाबरोबर दूध चालत नाही, पण नारळाचं दूध हे दुधात धरत नाहीत. त्यामुळे मटणावर सोलकढी पिण्याचा हक्क अबाधित राहिला. धर्म आणि कोकण यांचा इतका समंजस तह दुसरीकडं क्वचितच झाला असेल.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून हे तेली घाणा सोडून इंग्रजांच्या मुंबई फौजेत शिरले आणि तिथं चांगलेच रुजले. सुभेदार, सुभेदार-मेजर या हुद्द्यांपर्यंत त्यांची माणसं पोहोचली. त्यांतले सगळ्यांत प्रसिद्ध म्हणजे सामाजी हसाजी, अर्थात सॅम्युएल इझिकेल दिवेकर. दुसऱ्या म्हैसूर युद्धात, म्हणजे १७८० ते १७८४ च्या दरम्यान, ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. तिथं त्यांची जात विचारली गेली, त्यांनी बेने इस्रायल असं सांगितलं आणि टिपूच्या आईनं ते ऐकलं, अशी दंतकथा आहे. कुराणात ज्यांचं नाव येतं ते लोक आपण कधी पाहिलेच नाहीत, तेव्हा या माणसाला मारू नका, असं ती म्हणाली. सामाजी सुटले. सुटलो तर मंदिर बांधीन हा नवस त्यांनी फेडला आणि १७९६ साली मुंबईच्या मांडवी भागात बेने इस्रायलांचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं: शार हारहामीम, दयेचा दरवाजा. बेने इस्रायल त्याला जुनी मशीद म्हणत आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. मंदिर उभं राहिलं तेव्हा तोराच्या गुंडाळ्या हव्या होत्या. त्या आणायला सामाजी कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथंच वारले, असं त्यांच्या समाजात सांगितलं जातं.

कैदेतून सुटलेला शिपाई पुन्हा तलवार परजत निघाला असता तर ती नेहमीची गोष्ट झाली असती. सामाजींनी माणसं एकत्र बसून प्रार्थना करतील अशी जागा बांधली. या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ ऋषी जमले तरी सामुदायिक प्रार्थना होत नाही आणि दहा सामान्य माणसं जमली की होते. म्हणजे दहावा माणूस कितीही आळशी, विसराळू, उशिरा येणारा असला तरी त्याच्यावाचून बाकीच्या नवांचं अडतं. ज्याची वाट बघितली जाते तो माणूस हळूहळू वेळेवर येऊ लागतो. सैन्यातली सकाळची हजेरी दुसरं काय शिकवते?

आमच्या शेजारी एक सुभेदारकाका होते. लष्कराच्या ईएमईमधून, म्हणजे यंत्रदुरुस्तीच्या शाखेतून, निवृत्त झालेले. गाड्या, पंप, शिवणयंत्रं, घड्याळं, जे जे बिघडतं त्यांत त्यांचा जीव अडके. दाराच्या चौकटीला उजव्या हाताला एक बोटभर लांबीची तिरपी डबी ठोकलेली होती. तिच्यात तोरातल्या वचनांचा चर्मपत्राचा तुकडा असतो, तिला मझुझा म्हणतात. काका आत-बाहेर करताना तिला बोटं लावून ओठांना लावत. त्यामुळे त्या डबीवर ग्रीसचा एक कायमचा काळा ठसा पडला होता आणि काकू दर सणाला तो पुसत.

एका शुक्रवारी दुपारी माझ्या स्कूटरचं चाक त्यांच्या अंगणात उघडलं गेलं. काका उकिडवे बसून काम करत होते आणि मी पान्हे देण्याचं महत्त्वाचं काम करत होतो. चाक बसलं, नट बसवले, दोन आवळून झाले. तिसऱ्यावर पान्हा लावला, अर्धा फेरा दिला आणि काकांनी मान वर करून समोरच्या माडांकडं बघितलं. ऊन शेंड्यांवर गेलं होतं. त्यांनी पान्हा नटावरून काढला, फडक्यानं पुसला आणि पेटीत त्याच्या खाचेत ठेवला.

“काका, एवढा एकच राहिलाय की.”

“म्हणून तर थांबलो. दहा राहिले असते तर थांबणं सोपं होतं.”

“मग मी आवळतो ना.”

“तुझी गाडी, तुझा हात. मला काय विचारतोस? पण पान्हा माझाय, आणि तो आता उद्या संध्याकाळी तीन तारे दिसल्यावर निघेल.”

आत काकूंनी दिवा लावला. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल तेल आणि तेलावर तरंगती वात. डोळ्यांवर हात धरून त्या काही तरी पुटपुटल्या. काका हातपाय धुऊन, पांढरा शर्ट घालून, टोपी चढवून बाहेर आले तेव्हा पाच मिनिटांपूर्वी ग्रीसमध्ये कोपरापर्यंत बुडालेला तो माणूस हाच का, असा प्रश्न पडावा. मी चालत घरी गेलो.

लष्करात असताना शनिवार कसा पाळत होता, असं मी एकदा विचारलं. काका हसले. “शत्रूला पत्र पाठवून कळवत होतो, रविवारी या म्हणून.” मग त्यांनी मक्काबींची गोष्ट सांगितली. इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमाराला ग्रीक राजा अँटायोकसनं यहूदी धर्मावर बंदी घातली. काही लोक पळून रानातल्या गुहांत गेले. राजाच्या फौजेनं त्यांना गाठलं ते नेमकं शनिवारी. त्यांनी दगडसुद्धा उचलला नाही, गुहेचं तोंडही बंद केलं नाही. बायकामुलांसकट हजारभर माणसं मारली गेली. ती बातमी ऐकून मत्तथ्या आणि त्याच्या मुलांनी, म्हणजे मक्काबींनी, ठरवलं की चाल करून आलेल्याशी शनिवारीही लढायचं, नाही तर शनिवार पाळायला कुणी उरणार नाही. पुढं रब्बींनी नियम पक्का केला: जीव वाचवण्यासाठी शनिवार मोडायचा आणि तो मोडताना मागेपुढे बघायचं नाही. “शेजारी आग लागली तर मी धावणार,” काका म्हणाले. “पण स्कूटरच्या नटाला आग लागलेली नसते. आपल्याला प्रत्येक नट पेटलेला दिसतो, हा आपला आजार.”

या एका वाक्यात मला शिपाईगिरीही दिसली आणि धर्मही. बंदूक चालवायला शिकवणं अवघड नसतं म्हणतात. हुकूम येईपर्यंत न चालवणं शिकवायला वर्षं लागतात. आणि ते न चालवणं सीमेवर पोहोचल्यावर शिकता येत नाही. त्याची तालीम घरात, शुक्रवारी संध्याकाळी, हातातला पान्हा खाली ठेवून करावी लागते.

ही तालीम वहीत मांडणारेही लोक या धर्मात होऊन गेले. पूर्व युरोपात मेनाखेम मेंडेल लेफिन नावाच्या विद्वानानं १८०८ साली आत्म्याच्या हिशेबाचं एक पुस्तक काढलं. युक्ती मूळची अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनची. तेरा गुण निवडायचे: स्थिरपणा, धीर, सुव्यवस्था, स्वच्छता, नम्रता, मौन, सत्य वगैरे. दर आठवड्याला एकाच गुणाकडं लक्ष द्यायचं आणि चुकलं की तक्त्यात ठिपका द्यायचा. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या, बावन्न आठवडे चोख. एकदम संत व्हायची घाई नाही. या आठवड्यात फक्त चिडायचं नाही. आळस चालू द्या, त्याचा नंबर पुढं आहे. सुव्यवस्थेच्या आठवड्यात नेमकी वहीच सापडत नाही, एवढी एक अडचण सोडली तर पद्धत उत्तम.

लिथुआनियातले रब्बी इस्रायल सलांटर यांनी हेच पुस्तक पुन्हा छापवून घेतलं आणि स्वभाव घडवण्याची एक चळवळच सुरू केली. त्यांच्या गोष्टी शिष्यांनी जपून ठेवल्या आहेत. जेवणापूर्वी विधीचं हात धुणं असतं. भाविक लोक त्यासाठी भरपूर पाणी वापरत. सलांटर मोजकंच घेत. शिष्यांनी कारण विचारलं. ते म्हणाले की पाणी विहिरीवरून मोलकरीण आणते. आपलं पुण्य तिच्या खांद्यावरून वाहून आणायचं नाही. दुसऱ्या वेळी शिष्य वल्हांडण सणाच्या बेखमीर भाकऱ्या भाजण्यावर देखरेख करायला निघाले आणि विशेष काळजी कसली घ्यायची म्हणून विचारू लागले. सलांटरनी सांगितलं की पीठ मळणारी बाई विधवा आहे, तिच्यावर ओरडू नका. शेजाऱ्याची झोपमोड करून काकडआरतीचा लाउडस्पीकर लावणाऱ्या प्रत्येक मंडळानं हे रब्बी वर्षातून एकदा तरी बोलावले पाहिजेत.

त्याच मुलखात त्याच शतकात ज्यू मुलांना शिपाईगिरीचं फार कडू रूप बघावं लागलं. झार पहिल्या निकोलसनं १८२७ मध्ये ज्यूंवर सक्तीची लष्करभरती लादली. बारा-बारा वर्षांची पोरं घरातून उचलून नेली जात. अठराव्या वर्षापर्यंत तालीम आणि त्यानंतर पंचवीस वर्षांची चाकरी. पुढं ती मुदत कमी झाली, पण परक्या फौजेत धर्म सांभाळण्याचा पेच राहिलाच. हाफेत्स हाइम या नावानं ओळखले जाणारे रब्बी इस्रायल मेईर कागन यांनी १८८१ मध्ये अशा शिपायांसाठी ‘महाने इस्राएल’ हे मार्गदर्शक पुस्तक काढलं. त्याचा भाव असा की सगळं पाळता येत नाही म्हणून सगळं सोडू नकोस. जेवढं जमेल तेवढं धरून राहा. बराकीत बसलेल्या, घरापासून तुटलेल्या पोराला कुणी तरी एवढंच सांगायला हवं होतं. आपल्यालाही कधी कधी एवढंच हवं असतं. एक दिवस व्यायाम चुकला की महिनाभराचा सोडून देणारी आपली जात आहे.

आपल्याकडं मात्र ज्यू शिपायाला धर्म लपवावा लागला नाही, ही आपल्या देशाच्या खात्यावरची चांगली नोंद आहे. बेने इस्रायलांतले बेंजामिन अब्राहम सॅमसन नौदलात व्हाइस अॅडमिरल झाले आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे कमांडंटही होते. भरतनाट्यमच्या लीला सॅमसन त्यांच्याच कन्या. कलकत्त्याच्या बगदादी ज्यू घराण्यातले जे. एफ. आर. जेकब दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या ज्यूंवरच्या अत्याचारांच्या बातम्या ऐकून सैन्यात गेले. १९७१ मध्ये ते पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ होते. १६ डिसेंबरला ते शरणागतीचा मसुदा घेऊन ढाक्यात पाकिस्तानी फौजेचे जनरल नियाझी यांच्यापुढं बसले. त्यांच्या सांगण्यानुसार ढाक्यात तेव्हा पाकिस्तानचे २६,४०० सैनिक होते आणि आपले जवळपास ३,०००, तेही शहराबाहेर. नियाझी का-कू करू लागले तेव्हा जेकबनी विचाराला अर्धा तास दिला आणि ते खोलीबाहेर पडले. आत जाऊन दमदाटी करायची नाही, आवाज चढवायचा नाही. हातात काही नसताना अर्धा तास थांबायचं. त्या दिवशी ९३,००० युद्धकैद्यांची शरणागती कागदावर आली. पुढं हेच जेकब १९९८-९९ मध्ये गोव्याचे राज्यपाल होते. कोळंबी समोर आल्यावर ते काय करत, हे गोवेकरांना ठाऊक असेल.

सुभेदारकाकांच्या वाट्याला असा कुठला इतिहास आला नाही. त्यांची मोठी लढाई पाण्याची. गल्लीत पाणी सोडणाऱ्या माणसाशी त्यांचं वर्षभर वाजे; तो उशिरा झडप उघडतो असं यांचं म्हणणं आणि यांना घाई फार असं त्याचं. योम किप्पूर, म्हणजे बेने इस्रायलांचा दारफळणीचा सण, जवळ आला की काका पांढरे कपडे इस्त्री करून ठेवत आणि त्या माणसाला शोधायला निघत. कारण त्या दिवशी दिवसभर पाणीही न पिता उपास केला तरी देव फक्त स्वतःविरुद्धचे गुन्हे माफ करतो. माणसानं माणसाचं काही केलं असेल तर ते खटले तो आपल्या कोर्टात घेतच नाही. आधी त्या माणसाला भेटा, त्याची समजूत काढा, मग या.

एका वर्षी मी त्यांच्याबरोबर होतो. टाकीखालच्या चौथऱ्यावर तो माणूस बिडी ओढत बसला होता. काका, चाळीस माणसांना हुकूम सोडलेला माणूस, त्याच्यासमोर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “वर्षभरात मी तुला बरंच बोललो. तू चुकीचा होतास तेव्हा जरा जास्तच बोललो. माफ कर.” त्यानं बिडी मागं लपवली. त्याला काय करावं ते कळेना. शेवटी तो म्हणाला, “सुभेदार, उद्या उपास ना तुमचा? आज पाणी लवकर सोडतो.” काकांनी मान हलवली. “नको. सगळ्यांना सोडशील त्याच वेळेला सोड. नाही तर पुढच्या वर्षी मला आणखी वीस घरांची माफी मागावी लागेल.”

सणानंतर दोघांचं भांडण नव्या दमानं सुरू झालं. काकांचा स्वभाव बदलला नाही, असं कुणीही म्हणेल. मला वाटतं, बदलला. फक्त फार हळू, वर्षाला एक इंच. पहिल्या वर्षी ते त्याला शोधायला गेले तेव्हा म्हणे तीनदा टाकीपर्यंत जाऊन परत आले होते. मी होतो त्या वर्षी सरळ गेले.

नातू इस्रायलला नोकरीला गेला तेव्हा काकूंनी मलिदा केला. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि वरून फळं, एलियाहू हन्नाबीच्या नावानं. सुखरूप पोहोचू दे, एवढंच मागणं. या प्रेषिताचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावर टेकला होता, अशी श्रद्धा आहे. तेव्हा प्रवासाची सोय त्याच्याइतकी कुणाला कळणार? तिकडं सक्तीची लष्करसेवा असते, मुलींनाही. काकूंना फोनवर त्याच्या पराक्रमाविषयी काही ऐकायचं नसे. “जेवलास का? कपडे कोण धुतं?” हेच प्रश्न. फावड्याची आज्ञा देणाऱ्या देवाला हे प्रश्न मुळीच क्षुल्लक वाटले नसते.

आता भारतात जेमतेम चार-पाच हजार ज्यू उरले असतील; बहुतेकांनी इस्रायलची वाट धरली. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. मुंबईत मांडवीत, सॅम्युएल स्ट्रीटवर, सामाजींनी स्थापन केलेलं सिनेगॉग आहे. तो रस्ता त्यांच्याच नावाचा. तिथं दहावा माणूस मिळवायला आता धावपळ करावी लागते आणि तुम्ही-आम्ही गेलो तरी दहांत धरले जाणार नाही. पण मशीद बंदरला सुक्या मेव्याच्या खरेदीला जाल तेव्हा वाट थोडी वाकडी करा आणि एका सुटलेल्या कैद्यानं फेडलेला नवस बघून या. शनिवारी जाणार असाल तर मोबाइल खिशातच ठेवा. फोटो रविवारीही निघतो.